मदत हवी आहे : फॉर्म ५ मधला पाण्याचा हिशोब जुळत नाही

मंडळी, भोसरीला आमचं झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. ३० सप्टेंबरच्या आत प्रदूषण नियंत्रण मंडळाला पर्यावरण विवरण (फॉर्म ५) द्यायचंय आणि गाडी पाण्यापाशी अडलीय.

एमआयडीसीचं येणाऱ्या पाण्याचं मीटर आणि ईटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) आउटलेट मीटर यांचा मेळ बसत नाही. गरम डीग्रीझिंग टाकीतून (जिथे मालाचा तेलकटपणा काढतो) वाफ जाते, जॉबबरोबर, म्हणजे प्लेटिंगच्या मालाबरोबर, थोडं पाणी निथळतं, ईटीपीतल्या स्लजमध्येही (गाळातही) ओल राहते. पण एवढ्यानेही फरक भरून निघत नाही. कन्सल्टंट म्हणतात, "टाका बाष्पीभवन पंधरा टक्के." असा आकडा ठोकून द्यायला मन धजत नाही. मंडळाच्या संमतीपत्रात पाणीवापर आणि सांडपाणी दोन्हींची मर्यादा असते, उद्या कुणी ताडून पाहिलं तर?

टाक्यांत रोज टाकायचं पाणी मोजायला कुणी वेगळं मीटर बसवलंय का? की लॉगबुकात बादल्यांचा हिशोब चालतो?

जाता जाता, स्लज ९० दिवसांत उचलला जायला हवा, पण गाडी भरेल इतका आमचा होतच नाही. वर्षाला १० टनांच्या आतल्यांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं. तसा अर्ज कुणी केलाय का? सोबत काय काय जोडलंत?