अल्बम तोंडी बसतो, पण आधी ऐकल्यासारखा का वाटतो?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ)
मंडळी, एका इंडी-पॉप बँडचा नवा अल्बम इकडच्या पोरांच्या मोबाईलवर सारखा वाजतोय. मुखडे लगेच तोंडी बसतात, पण दुसऱ्या गाण्यापासूनच 'हे कुठंतरी ऐकलंय' असं होतं. चोरी म्हणावी, तर मूळ गाणं सापडत नाही. नेमकं कशामुळं? गावातल्या पोरांना दिवाळीनंतर तीन-चार गाणी रेकॉर्ड करायची आहेत, म्हणून विचारतोय.

कीबोर्डवाला
आधी कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) बघा. सी, जी, ए मायनर, एफ; प्रत्येकी चार मात्रा, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून पट्टी बदलली तरी कॉर्डचं आपसातलं नातं तेच राहतं, त्यामुळं त्यानं काही साधत नाही. कोरसात शब्द संपले की 'वो-ओ-वो-ओ', म्हणजे प-ग-प-ग. त्याला २०१६ मध्ये 'मिलेनियल हूप' असं नावही पडलं.

अंतऱ्यात एफऐवजी डी मायनर घ्या. दोन सूर सामाईक आहेत, चाल मोडत नाही. चाल सी सुरावर टेकत असेल तर डी मायनर सेव्हन. आणि चार-चारची वाटणी सोडा: पहिली कॉर्ड सहा मात्रा, दुसरी दोन.

वऱ्हाडी ठेका
भाऊ, कॉर्डचाच कायले दोष काढता? चार कॉर्डवर हजार चाली होते. खरी भानगड तयार ड्रम लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या रेडिमेड ठेक्याची हाय. तोच लूप सगळ्याइले भेटते, मंग गाणं येगळं कसं वाटन?

गावात डफ हाय, टिमकी हाय, ते वाजवा ना राजेहो. दमट हवेत चामडं ढिलं पडते, म्हणून आधी शेकून घ्या. सूर उतरला का पुन्हा शेका. माइक मधोमध नाही, काठाकडे तिरपा, हातभर लांब. टिनाच्या खोलीत आवाज लय घुमते. कापसाच्या गाद्या भिंतीपासून वीतभर सोडून टांगा. भिंतीले चिकटवल्या तं खालचे सूर कमी शोषते. अर्थिंग धड नसलं तं ५० हर्ट्झची घरघर येते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

पेटीमास्तर
चाल चोरीची आहे का, हे तपासणं सोपं आहे. मुखडा शब्दांशिवाय पेटीवर वाजवा आणि सरगम लिहून काढा. नुसते सा रे ग प ध असतील, म्हणजे भूपाचे पाच सूर, तर ओळखीचं वाटणारच. सुरांचा क्रम आणि सम (तालाची पहिली मात्रा) दोन्ही जुन्या गाण्याशी जुळले तर मात्र चाल बदला. नुसत्या कॉर्डच्या क्रमावर सहसा कुणाचा हक्क लागत नाही, चालीवर लागतो. कुणाच्या गाण्याचं व्हर्जन काढायचं असेल तर कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३१सी वाचा: मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं थांबावं लागतं, आगाऊ सूचना आणि रॉयल्टी वेगळी.

प्रश्नकर्ता
डी मायनर वाजवून पाहतो. टिमकीला माइक कोणता?

वऱ्हाडी ठेका
साधा डायनॅमिक. गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटन) एवढाच ठेवा का सगळ्यात मोठा ठोका रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास राहीन. लाल दिवा लागला का आवाज फाटला, तो टेक गेला, मिक्सिंगमंधी दुरुस्त नाही होत.