‘बेळगाव’ टाकलं की प्रोग्राम बंद: स्टॅक प्रोटेक्टर काढू का?

निपाणीकर: ऊस वजनपावतीचा सी प्रोग्राम, लिनक्सवर. गावाच्या नावाला १६ बाइटांचा बफर (मेमरीतली राखीव जागा). इंग्रजी नाव चालतं. मराठीत ‘बेळगाव’ टाकलं की ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’. प्रोटेक्टर काढू का?

टिळकवाडी: अजिबात काढू नका! तो राखणदार आहे: स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, बफरच्या बाहेर लिहिलं गेलं की प्रोग्राम थांबवतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना-मात्रा धरून ‘बेळगाव’ची ६ चिन्हं, म्हणजे १८, शेवटचा शून्य धरून १९. कन्नड ‘बेळगावि’ तर २२. नाव बफरमध्ये उतरवणारं स्ट्रकॉपी (strcpy) फंक्शन जागा मोजत नाही, पुढे लिहीतच सुटतं आणि पुढेच परतीचा पत्ता (फंक्शन संपल्यावर कुठे जायचं तो) असतो. बफर ६४ करा, जागेची मर्यादा पाळणारं एसएनप्रिंटएफ (snprintf) वापरा. त्याने परत दिलेला आकडा ६४ किंवा जास्त आला तर नाव तुटलंय, नोंद नाकारा.

खानापूर: स्ट्रएनकॉपीवर (strncpy) विसंबू नका. बफर काठोकाठ भरला तर ते शेवटचा शून्य टाकतच नाही.

चिकोडी: कर्नलचं ‘रँडमाइझ_व्हीए_स्पेस’ (मेमरीतले पत्ते दर वेळी बदलणारी सेटिंग) २ आहे ना, तेही बघा, चाचणीला ० केलेलं तसंच राहून जातं. शिवाय प्रोग्राम पीआयई (कुठल्याही पत्त्यावर बसेल असा बांधलेला) नसेल तर त्याचा कोड ठरलेल्या पत्त्यावरच बसतो. एनएक्स हे संरक्षण स्टॅकवरचा कोड चालू देत नाही, पण प्रोग्राममधलेच तुकडे जोडून हल्ला होतो. म्हणून ती सेटिंग आणि पीआयई दोन्ही लागतात.

निपाणीकर: आकडा २ आहे. पीआयई नव्हता, पुन्हा बांधतो.