मदत हवी आहे: निवेदनाखाली संथ गिटार कशी निवडायची?

नमस्कार मंडळी,

येवल्यात पैठणी विणणाऱ्या एका मावशींवर छोटा माहितीपट करतोय, यूट्यूबसाठी. संकलन होत आलंय, घोडं अडलंय पार्श्वसंगीतावर. संथ अकूस्टिक गिटार डोक्यात आहे. बासरी मुद्दाम नको. हातमाग दिसला की बासरी, हे इतकं ठरून गेलंय की लोकांना सरकारी जाहिरातच वाटते.

यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून आणि इकडून तिकडून काही तुकडे उतरवलेत. नुसते ऐकले तर सगळेच गोड. मावशींच्या बोलण्याखाली लावले की पंचाईत. त्या सावकाश बोलतात, मध्येच थांबतात, आणि नेमकं त्या थांब्यात वाजवणाऱ्याचं बोट तारेवरून सरकतं: चर्र! स्टीलच्या तारांना हे फार. नायलॉनच्या तारांचा एक तुकडा मऊ आहे, पण त्याची चाल अशी की कान तिच्यामागेच जातो.

मागाची खटखट वेगळीच. तिला स्वतःची लय आहे, गिटार ठेक्यात आली की दोघींचं भांडण. माग म्यूट केला तर दृश्यात जीव राहत नाही.

वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत पार्श्वध्वनी बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबल खाली ठेवा असं वाचलं. हेडफोनवर ते छान वाटतं, मोबाइलवर गिटार गायबच होते. वाढवू का?

शिवाय आवडलेला एक तुकडा क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एनडी परवान्याचा आहे (बीवाय म्हणजे श्रेय द्या, एनडी म्हणजे बदललेली आवृत्ती वाटू नका). न कापता अख्खा वाजवला तर चालेल ना? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

एनडी सोडून द्या. हलत्या चित्राशी संगीत जुळवून लावणं हे त्या परवान्यात रूपांतरच धरलंय, मग कापा वा न कापा. नुसतं बीवाय असेल तर वर्णनात कलाकाराचं नाव, परवाना आणि दुवा द्या. परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉटही ठेवा, कंटेंट आयडीचा (यूट्यूबची कॉपीराइट आपोआप ओळखणारी यंत्रणा) दावा आला तर कामी येतो.

तुकडे सुटे ऐकून पारखू नका. मावशींचं मिनिटभराचं बोलणं घ्या, त्याखाली एकेक लावा आणि ज्याने ते आधी ऐकलेलं नाही अशा कुणाला तरी ऐकवा. त्या काय म्हणाल्या ते त्याला सांगता आलं तर तुकडा पास. चाल गुणगुणायला लागला तर नापास.

गिटारच्या मोकळ्या तारा साधारण ८२ ते ३३० हर्ट्झमध्ये, म्हणजे बोलण्याचा मूळ सूरही त्याच गल्लीत. शब्द कळतात ते मुख्यतः व्यंजनांवरून, म्हणून गिटार २ ते ४ किलोहर्ट्झला इक्यूने (ठरावीक पट्ट्यातले सूर कमी-जास्त करणारं साधन) तीनेक डेसिबल उतरवा. चर्रही थोडी दबेल. मोबाइलच्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत, त्यासाठी अख्खी गिटार वाढवू नका. तो २० चा नियम मुळात नुसत्या ध्वनिफितींसाठी आहे, पण बोलण्याखाली पाळायला हरकत नाही. बोलणं थांबलं की हळूच वर न्या.

प्रतिसाद २

माग चालू असताना गिटार हवीच कशाला? ठोका तिथे आहेच की.

धागाकर्ता

दोघांचे आभार. एनडीवाला काढला. मागाच्या दृश्यातूनही गिटार काढतोय. नायलॉनवाला तुकडा मावशी पदर उलगडून दाखवतात तिथे लावून बघतो, तेव्हा त्या बोलत नाहीत. पण गिटार काढल्यावर मागाच्या आवाजामागची पंख्याची घरघर उघडी पडलीय. ठोका न बिघडवता ती कशी घालवायची?