काजूच्या हंगामात दोडामार्गला जातोय, गोचिडांपासून मुलांना कसं जपावं?

तिलारीचा_भाचा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या अखेरीस पुण्याहून सहकुटुंब मामाकडे जातोय, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. बोंडू (काजूची फळं) पिकलेले असतील, मुलांना काजी, म्हणजे काजूच्या बिया, गोळा करायची फार हौस आहे. मामाचा मांगर (बागेतलं घर) अगदी रानाला लागून. मामी फोनवर म्हणाली, "या खुशाल, पण पोरांना पातेऱ्यात लोळू देऊ नको, गोचीड असतात." पातेरा म्हणजे झाडाखालचा वाळलेला पाला. गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाबद्दल वरवर ऐकलंय. मुलं ९ आणि ५ वर्षांची. बेत रद्द करायचा नाही, पण तयारीनिशी जायचंय. अंगाला काय लावता? कपडे कसे घालता? चावलाच तर काढायचा कसा? आणि कुत्रा बरोबर न्यावा का?

गडग्यापलीकडे

जरूर या. आमची काजूची बाग सावंतवाडी तालुक्यात आहे, हंगामभर रोज रानात असतो.

मामी सांगतात ते अगदी खरं. माकडताप १९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला. आपल्याकडे २०१६ मध्ये दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी आमच्या तालुक्यात बांद्याच्या बाजूला रुग्ण निघाले. साधारण डिसेंबर ते मे हे जपायचे दिवस, कारण तेव्हा गोचिडांची पिल्लं रानात जास्त असतात. खसखशीएवढी असतात, सहज दिसत नाहीत. आणि नेमकी आपली सगळी कामं त्याच दिवसांत येतात: काजी वेचा, पातेरा ओढा, कवळ (झाडाचा पाला-डहाळ्या) तोडा, जळाऊ फाटी आणा. जंगलातल्या मजुरांना आणि काजूवाल्यांना हा ताप जास्त होतो तो यामुळेच.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून अंगावर पडतो हेही खरं नाही. गवताच्या शेंड्यावर नाहीतर पातेऱ्यावर पुढचे पाय उचलून थांबलेला असतो. पाय घासला की चिकटतो आणि वर चढत मऊ जागा शोधतो. म्हणून बंदोबस्त खालून वर करायचा. लांब पॅन्ट मोज्यात खोचायची, शर्ट पॅन्टीत, बाह्या पूर्ण, पायात बूट. कपडे फिक्या रंगाचे, म्हणजे चढणारा दिसतो. मुलांना हाफ पॅन्ट आणि चपलेवर बागेत सोडू नका, कितीही उकडलं तरी.

तेलाचं म्हणाल तर आमच्याकडे आरोग्य खातं गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल वाटतं. उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. रानात शिरण्याआधी हातापायांना आणि मानेला लावायचं, काही तासांनी पुन्हा लावायचं, घरी आल्यावर साबणाने धुवायचं. पुण्याहून आणणार असाल तर २० ते ३० टक्के डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम किंवा स्प्रे घ्या. लहान मुलांच्या तळहातांना, डोळ्यांजवळ आणि तोंडाजवळ लावू नका, हात तोंडात जातात.

आणि बसायचं कुठे हे फार महत्त्वाचं. दमलं की माणूस काजूखाली सावलीत पातेऱ्यावर टेकतो. ते टाळा. उघड्या कातळावर बसा, उन्हात तापलेल्या कोरड्या जागी गोचीड टिकत नाही.

आगरातली_वहिनी

रानात जाताना सगळे काळजी घेतात, परत आल्यावर कंटाळा करतात. आमच्या सासूबाईंचा नियम आहे: "रानातसून इलंस की आदी न्हाणयेत, मगे घरात." पडवीत बसून चहासुद्धा नाही. कपडे तिथेच काढून कढत पाण्यात, मग कडक उन्हात वाळत. रानातले कपडे खुंटीला किंवा अंथरुणावर टाकायचे नाहीत.

अंघोळीआधी मुलांचं अंग उजेडात नीट बघा. कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्याच्या मागच्या वळीत आणि पॅन्टीचं इलॅस्टिक जिथे रुततं तिथे. नुसत्या नजरेवर विसंबू नका, बोटाची टोकं फिरवा. मागच्या हंगामात धाकटीच्या मानेवर तीळ म्हणून मी पुढे जाणार होते, पण बोटाला बारीकसं खरखरीत लागलं. बॅटरी जवळ धरली तर पाय हलत होते.

रानवाटेचा_सोबती

आमच्याकडे चिकटलेल्या गोचिडावर रॉकेल किंवा चुना लावतात, आपोआप सुटतो. काहीजण उदबत्तीचा चटका देतात.

आरोग्यकेंद्रातला_डॉक्टर

दादा, कळकळीने सांगतो, हे करू नका. रॉकेल, चुना, तेल, चटका यांनी डिवचलेला गोचीड पोटातला स्राव जखमेत सोडू शकतो, म्हणजे संसर्गाचा धोका वाढतो. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी चिकटून त्याला तोंडाजवळ पकडा आणि सरळ वर, न पिळता, हळूहळू ओढा. घाईने हिसका दिला तर तोंडाचा भाग आत राहतो. मग जागा साबणपाण्याने धुवा आणि जंतुनाशक लावा. काढलेला गोचीड नखाने चिरडू नका, चिकटपट्टीत गुंडाळून टाका. चिमटा सामानात ठेवाच, ऐनवेळी वाडीत मिळत नाही.

आता तापाचं. इंटरनेटवर जे लाल वर्तुळ दाखवतात ते लाइम आजाराचं, तो मुख्यतः अमेरिका-युरोपातला. इथे वर्तुळाची वाट बघत बसू नका. माकडतापाची लक्षणं साधारण ३ ते ८ दिवसांत येतात: एकदम जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंग ठणकणं, उलट्या, काहींना नाका-हिरड्यांतून रक्त. काहींचा ताप उतरतो आणि आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो. या विषाणूवर नेमकं औषध नाही, पण वेळेत दाखल झालं तर सलाईन आणि देखरेखीवर बहुतेक रुग्ण बरे होतात. १०० रुग्णांत ३ ते ५ दगावतात, म्हणून अंगावर काढू नका.

माझी सगळ्यांना विनंती आहे, विशेषतः पुण्या-मुंबईला परतणाऱ्यांना. तिथल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा की अमुक तारखेला दोडामार्गच्या रानात होतो. हा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला, यातही प्लेटलेट उतरतात. त्यामुळे शहरात डेंग्यूवरच सगळ्यांचं लक्ष जातं आणि माकडतापाची तपासणी राहून जाते. रक्तात थेट विषाणू शोधणारी तपासणी पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते. तापावर फक्त पॅरासिटामॉल द्या, अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका.

पावसाळ्यात आणि त्यानंतर येणार असाल तर स्क्रब टायफसही लक्षात ठेवा. तो गोचिडाने नाही, त्याहून बारीक किड्याच्या अळीने होतो. चावल्या जागी बहुधा न दुखणारी काळी खपली असते. त्यावर डॉक्सिसायक्लिन लागू पडतं, पण डॉक्टरांनी खपली बघायला तर हवी. कपड्यांचे आणि अंघोळीचे नियम तेच.

तिलारीचा_भाचा

मनापासून आभार. चिमटा, डीट, फिके कपडे यादीत घेतले. मेलेल्या माकडाचं काय? मामा म्हणाला, वाडीत त्यावरून फार भीती आहे. आणि कुत्र्याचं राहिलंच.

गडग्यापलीकडे

वानर किंवा माकड मेलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही, काठीनेही हलवायचं नाही. तेही याच तापाने मेलेलं असू शकतं आणि त्याच्या अंगावरचे गोचीड उतरून आसपास पसरलेले असतात. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला ताबडतोब कळवा, ते येऊन औषध फवारतात. रुग्णाला मात्र घाबरू नका, माणसापासून माणसाला हा ताप होत नाही.

आगरातली_वहिनी

कुत्रा शक्यतो घरीच ठेवा. मोकळा फिरून आला की गोचीड घेऊन थेट मुलांच्या अंथरुणात येईल. न्यायचाच असेल तर निघण्यापूर्वी जनावरांच्या डॉक्टरांकडून गोचिडावरचं औषध द्या आणि तिथे रोज त्याचे कान आणि पायांची बेचकी तपासा. मामाच्या गोठ्याजवळ मुलं खेळणार असतील तर गुरांनाही औषध झालंय ना, मामांना आजच विचारून घ्या. आमच्याकडे दिवाळीनंतर गोठा झाडून, भिंतीच्या फटी लिंपून मगच काजूच्या कामाला हात लावतात.