प्रतिसाद: ३१ अंशांना घाबरायचं कशाला?

वर विचारलंय की सोलापुरात मे महिन्यात ४४ झाले तरी कुणी दचकत नाही, मग लक्षद्वीपचं समुद्राचं पाणी ३१ वर गेलं की प्रवाळांना धोक्याचा इशारा कसला?

नुसता आकडा नव्हे, नेहमीपेक्षा फरक किती हे बघायचं. हवेचंही तेच: हवामान खात्याच्या उष्णतेच्या लाटेच्या निकषात मैदानी भागात पारा किमान ४० आणि सरासरीहून ४.५ अंश जास्त हवा. किनाऱ्यावर फरक तोच, पण ३७ पुरतात. प्रवाळाचं गणित आणखी कडक. तिथल्या सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी धरायची, पाणी तिच्याहून १ अंश वर गेलं की मोजणी सुरू. सरासरी ३० असेल आणि पाणी आठवडाभर ३१.५ राहिलं, तर १.५ अंश-आठवडे जमा. १२ आठवड्यांची बेरीज ४ झाली की प्रवाळ पांढरे पडू लागतात, ८ ला मरू लागतात. ०.८ ने कितीही काळ जास्त असलं तरी बेरजेत शून्यच, हे मात्र खटकतं.

पाण्याचं हे तापमान उपग्रहावरून मोजतात, पण उपग्रह फक्त वरचा पापुद्रा बघतो. दुपारच्या उन्हाने तो फसवा तापतो, म्हणून रात्रीचीच मोजमापं घेतात. शिवाय ५ किलोमीटरच्या चौकोनात उथळ खाजण हरवतं. तिथे लॉगरच (पाण्यात ठेवायची, तापमान नोंदवत राहणारी डबी) लागतो, तोही प्रवाळाच्या खोलीवर आणि सावलीत. डबीवर थेट ऊन पडलं की आकडा फुगतो. बसवण्याआधी आणि काढल्यावर बर्फाच्या लगद्यात ० दाखवतो का बघा.

आणि वर कुणी टाकलेला, गच्चीवरच्या पत्र्याजवळ ४७ अंश दाखवणाऱ्या थर्मामीटरचा फोटो यात धरू नका.