भाल्याशिवाय व्होटान: ‘रिंग’ची नवी मांडणी कशी पाहावी?

जुळे सोलापूरकर
संगीतकार वाग्नर यांच्या ‘रिंग’ या चार भागांच्या जर्मन ऑपेराचा पहिला भाग, ‘राइनगोल्ड’, मी नुकताच एका युरोपीय नाट्यगृहाच्या नव्या मांडणीत, चित्रमुद्रणावरून पाहिला. सुमारे अडीच तासांचा हा भाग मध्यंतराशिवाय चालतो. हुतात्मा स्मृती मंदिरातला प्रेक्षक एवढा वेळ चहाविना बसला नसता. नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन, पुराणकथांतील देवांचा प्रमुख ओडिन येथे व्होटान होतो. या प्रयोगात तो सुटाबुटात वावरतो आणि त्याच्या हाती भाल्याऐवजी करारपत्रांची फाइल आहे. वेष बदलल्याची माझी तक्रार नाही. परंतु संहितेत वारंवार उल्लेखिलेली वस्तूच काढून टाकण्याचा अधिकार दिग्दर्शकाला असावा का?

विंगेतला
हा वाद जुना आहे. ‘रिंग’चा पहिला संपूर्ण प्रयोग जर्मनीतील बायरॉइट येथे 1876 साली झाला आणि शंभर वर्षांनी तेथेच फ्रेंच दिग्दर्शक पात्रीस शेरो यांनी राइन नदीवर चक्क धरण उभे केले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तीच मांडणी 1980 साली शेवटची झाली, तेव्हा टाळ्या थांबेनात. भाल्याविषयी मात्र थोडे सावध असावे. ओडिनचा भाला बुटक्यांनी घडवलेला आहे, तर वाग्नर यांनी व्होटानचा भाला विश्ववृक्षाच्या फांदीचा केला आणि त्यावर करार कोरले. व्होटानची सत्ता त्या करारांवरच उभी असल्यामुळे महाल बांधणाऱ्या राक्षसांची मजुरी त्याला बुडवता येत नाही. दुसऱ्या भागात याच भाल्यावर आपटून तलवार भंगते आणि तिसऱ्या भागात तीच तलवार, पुन्हा घडवली गेल्यावर, भाल्याचे तुकडे करते. शिवाय भाल्याची स्वतःची सुरावट आहे, खर्जात एकेक स्वर उतरत जाणारी. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झाले की कथा क्षणभर थांबते. येथे वाद्यवृंदच कथा सांगत असतो. म्हणून फाइल आहे की भाला, यापेक्षा ती सुरावट वाजते तेव्हा रंगमंचावर काय घडते, ते पाहावे.

पूर्वभागकर
मला भाल्यापेक्षा ऐरणींची चिंता वाटते. निबेलहाइमच्या, म्हणजे सोने घडवणाऱ्या बुटक्यांच्या भूमिगत जगाच्या, प्रवेशाआधी वाद्यवृंद हळूहळू मागे सरतो आणि अखेर केवळ 18 ऐरणींचा ठोका उरतो. आमच्या घराखाली यंत्रमाग होते. खडखडाट थांबला की आजोबा झोपेतून जागे होत. त्यामुळे ती जागा ऐकताना मला सोने दिसत नाही, पाळीवरची माणसे दिसतात. या मांडणीत तेथे काय दाखवले आहे?

जुळे सोलापूरकर
आपल्या दोघांचे वाचून ते दोन्ही प्रसंग मी पुन्हा पाहिले. मेघगर्जनेचा देव डॉनर राक्षसांवर हातोडा उगारतो, तेव्हा व्होटान मधे भाला घालतो, असे संहितेत आहे. येथे तो फाइल उघडून हातोड्यासमोर धरतो आणि नेमकी त्याच वेळी ती उतरती सुरावट येते. प्रथम मला हसू आले होते, पण दिग्दर्शकाने संगीत ऐकले आहे, हे मान्य करावे लागेल. निबेलहाइममध्ये मात्र संगणकांसमोर माणसे निश्चल बसलेली आहेत आणि ऐरणी कोठून तरी वाजत राहतात. त्या ठोक्याला तेथे एकही हात जोडलेला नाही. ते मला चुकलेच वाटते. तिसऱ्या भागात तलवारीने फाइल कशी तोडणार, हे पाहण्याची उत्सुकता आहे, पण त्याचे चित्रमुद्रण अद्याप आलेले नाही.