आईची सीटीएक्स तपासणी: जेवणानंतरच्या रिपोर्टशी तुलना चालेल का?

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यातले. आई ६७ वर्षांची. पावसाळ्यात मागल्या दारी पाय घसरून तिचं मनगट मोडलं. बेळगावात डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केली, कमरेचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.९. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. जन्म शेतात उन्हात गेला, तरी व्हिटॅमिन डी १४ निघालं, याचं मला फार वाईट वाटलं. ते भरून काढल्यावर आठवड्याला एक अॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, ही हाडांची झीज रोखणारी गोळी सुरू झाली. आई पथ्य काटेकोर पाळते: उपाशीपोटी पेलाभर साधं पाणी, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही.

अडचण अशी. गोळीआधी हाडांची झीज कळावी म्हणून रक्तातलं सीटीएक्स केलं होतं. उपाशी यायला कुणी सांगितलं नव्हतं. आई भात-आमटी जेवून बसला बसली, रिपोर्टवर वेळ छापलीय दुपारी १.४०. आता डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत सांगितलंय, तेही सकाळी उपाशी. आकडा पहिल्यापेक्षा वर आला तर गोळी लागू पडत नाही असं समजायचं का? आई धास्तावलीय, औषध बंद करूया म्हणते.

शिवाय २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम सांगितलंय. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची की धरायची?

उत्तर: दादा, मी लॅबमध्येच काम करते. औषध अजिबात बंद करू नका. सीटीएक्स पहाटे सगळ्यात जास्त असतं, दुपारी उतरतं, जेवणानं आणखी उतरतं. उलट हाड मोडल्यावर काही महिने ते चढलेलं राहतं. म्हणजे तुमचा पहिला आकडा दोन्हीकडून ओढलेला आहे, त्याच्याशी तुलना नको. दोन्ही रिपोर्टच्या वेळा डॉक्टरांना आवर्जून दाखवा. पी१एनपी (नवं हाड किती बनतंय ते दाखवणारी रक्ततपासणी) करता येईल का तेही विचारा, त्यात जेवणानं फारसा फरक पडत नाही. यापुढे लॅब एकच, वेळ एकच. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असतील तर आधी सांगा, काही मशीनवर आकडा चुकतो.

लघवीचं म्हणाल तर पहिल्या दिवशी उठल्यावरची टाकायची, वेळ लिहायची. नंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून. एकदा जरी सांडली तर पुन्हा पहिल्यापासून. कॅन लॅबमधूनच घ्या, कधी आत आम्ल असतं, हाताला लागू देऊ नका.

धागाकर्ता: ताई, फार आभार. आईला आत्ताच वाचून दाखवलं. रविवारची गोळी घेईन म्हणाली. पी१एनपी बेळगावात होतं का, की नमुना बाहेर पाठवतात?